गाडी थरथरते कधी?

जुन्या गाडीचा मालक गॅरेजमध्ये येतो तेव्हा त्याची तक्रार बहुधा एका वाक्यात संपते. ‘गाडी थरथरते हो!’ चांगला मेकॅनिक हे ऐकून लगेच पान्ह्याला हात घालत नाही. तो आधी विचारतो, ‘कधी?’ उभ्या जागेवरून उचलताना, का रस्त्यावर वेग घेतल्यावर? चढाला, का उताराला? या एका ‘कधी’मध्ये निम्मं निदान दडलेलं असतं. उरलेलं निम्मं कोणत्या रस्त्याने आलं, त्याची गोष्ट आज सांगायची आहे. ही गोष्ट पॅरिसच्या एका चढावर सुरू होते, कुर्ल्याच्या कारखान्यातून जाते आणि आपल्या कसाऱ्याच्या घाटात येऊन पोचते. मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. त्यामुळे या गोष्टीतली काही माणसं मी पुस्तकात भेटलो, तर काही द्वारका आणि मुंबई नाक्याच्या गॅरेजांत.

पहिल्या मोटारींत इंजिन कुठे बसवायचं हेच ठरलेलं नव्हतं. कोणी ते सीटखाली ठेवी, कोणी मागे. फ्रान्समध्ये एमिल लव्हासोर याने १८९१ मध्ये इंजिन पुढे घेतलं, त्याच्यामागे क्लच, क्लचमागे गिअरबॉक्स आणि शेवटी मागची चाकं, अशी मांडणी केली. मात्र गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंत ताकद पोचायची ती साखळीने, आपल्या सायकलसारखी. पुढची पायरी लुई रेनो या तरुणाने गाठली. त्याने साखळी काढून टाकली आणि तिच्या जागी फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट बसवला. १८९८ च्या २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, त्याने आपली छोटी गाडी पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवरच्या र्‍यू लपिक या खड्या चढावर चढवून दाखवली. त्या एका चढाईवर त्याला बारा गाड्यांची मागणी मिळाली, असं सांगतात. गाडीची परीक्षा चढावर होते, हे मोटारीच्या जन्मापासून असं ठरून गेलेलं आहे.

ही मांडणी पुढे जगभर रुळली. इंजिन, फ्लायव्हील, क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि चाकं. आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक जोडलेली ही रांग. थरथर या रांगेत कुठेही उगवू शकते आणि पोचते मात्र सगळीकडे. सीटला, स्टिअरिंगला, आरशाला, दाराच्या काचेला. मालकाला ती जिथे जाणवते तिथे ती जन्मलेली असतेच असं नाही. निदानाची खरी अडचण ही आहे.

शाफ्ट आला तशी एक नवी अडचण आली. गिअरबॉक्स चौकटीला पक्का बसवलेला, पण मागचा अ‍ॅक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर वर-खाली नाचणार. मग दोघांना जोडणारा दांडा सरळ राहील कसा? त्याला सांध्याची गरज होती. असा सांधा मोटारीच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. युरोपात त्याला सोळाव्या शतकातल्या कार्दानो या इटालियन विद्वानाचं नाव चिकटलं. इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने १६७६ मध्ये त्याचं वर्णन छापलं, तेही आकाशनिरीक्षणाच्या उपकरणांच्या संदर्भात. आपल्या इंजिनीअरिंगच्या पुस्तकांत म्हणूनच तो अजून ‘हुक्स जॉइंट’ आहे. अमेरिकेत क्लॅरन्स स्पायसर याने मोटारीला चालेल असा बंदिस्त सांधा घडवला आणि १९०३ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. आपल्या गॅरेजमध्ये या साऱ्या थोरांना मिळून एकच नाव आहे, ‘क्रॉस’. अधिकाच्या चिन्हासारखा दिसतो म्हणून क्रॉस.

या क्रॉसची एक खोड आहे. दांडा वाकडा, म्हणजे कोनात असेल, तर पलीकडची बाजू एकसारख्या वेगाने फिरत नाही. एका फेऱ्यात ती दोनदा किंचित पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन जेवढा मोठा, तेवढा हा हेलकावा मोठा. त्यावर उपाय असा की दांड्याच्या दुसऱ्या टोकालाही क्रॉस लावायचा आणि दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत ठेवायचे. म्हणजे एकाची खोड दुसरा मोडतो. काट्यांची रेषा चुकली तर मात्र दोन्ही खोडी एकत्र होतात आणि गाडी कापायला लागते. ही रेषा आपण लक्षात ठेवू, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

आता आपल्याकडे येऊ. वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्यांची जुळणी व्हायची. नंतर इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ मध्ये ‘अकराशे’ आली. ‘मिलेचेंतो’ हे तिचं इटालियन नाव. तिचीच पुढची पिढी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचं इंजिन, चार गिअर, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, मागे पाट्यांच्या स्प्रिंगवरचा अ‍ॅक्सल. प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा आणि मध्ये त्याला आधार देणारं, रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग. दुसरीकडे महिंद्रांनी १९४९ मध्ये माझगावला विलीस जीपची जुळणी सुरू केली. चारही चाकांना ताकद देणारी ती गाडी, म्हणून तिला दोन प्रोपेलर शाफ्ट आणि चार क्रॉस.

१९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने नुसती जुळणी करणाऱ्यांना दार बंद केलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. पुढची तीस वर्षं आपल्या रस्त्यावर मोजक्याच जातीच्या गाड्या होत्या आणि नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. याचा एक परिणाम अर्थशास्त्राच्या पुस्तकांत फारसा येत नाही. गाडी मिळणं दुर्मिळ, म्हणून ती टाकून देणं अशक्य. वडिलांची फियाट मुलगा चालवायचा आणि नातू तिच्यावर शिकायचा. तीच ती गाडी तीस-तीस वर्षं त्याच त्या मेकॅनिकच्या हाताखालून जायची. टंचाईने माणसांना गांजलं हे खरंच, पण त्याच टंचाईने आपल्याकडे कानाने निदान करणारी एक पिढी घडवली.

या पिढीची शाळा नाशिककरांच्या उंबऱ्याशी होती. कसाऱ्याचा घाट, जुन्या कागदांतला थळ घाट. इथून १८६५ मध्ये रेल्वे वर चढली ती सदतिसास एक या चढाने. आजही बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं जोडतात. शेजारचा मुंबई-आग्रा रस्ता लतिफवाडी सोडली की वर चढू लागतो. दादरहून पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन निघालेली टॅक्सी या वळणांवर ट्रकच्या मागे अडकायची. थांब, उचल, पुन्हा थांब, पुन्हा उचल. ड्रायव्हर पाय क्लचवर अर्धवट ठेवून गाडी पेलून धरायचा. यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. हाफ क्लचमध्ये प्लेट फ्लायव्हीलवर घासत राहते आणि तापते. लायनिंग जळून काचेसारखं गुळगुळीत होतं, फ्लायव्हीलच्या तोंडावर निळेकाळे डाग पडतात. त्या डागांवरची पकड एका जागी घट्ट, दुसऱ्या जागी सैल. मग सपाट रस्त्यावर गाडी उचलतानासुद्धा पकड, सुट, पकड, सुट असं होऊन ती हिवताप भरल्यासारखी हुडहुडते. नाशिकच्या बाजूला जीपगाड्यांचे हाल वेगळे. शेतातला चिखल क्रॉसमध्ये शिरायचा, ग्रीस धुऊन जायचं आणि आतल्या सुयांसारख्या बारीक बेअरिंगची पूड व्हायची. नाशिकच्या मेकॅनिकला असे दोन्ही रोग रोज पाहायला मिळत.

अशाच एका उस्तादांकडे मी पोरांना घेऊन जात असे. वर्गात मी आकृत्या काढायचो, त्यांच्याकडे आम्ही ऐकायला शिकायचो. एकदा ओळखीच्या डॉक्टरांची जुनी फियाट आली. साठच्या वेगाला कापते, अशी तक्रार. दुसऱ्या एका गॅरेजने क्लच प्लेट नवी घातली होती, मग प्रेशर प्लेटही नवी. पैसे गेले, थरथर तशीच.

‘डॉक्टरसाहेब, उचलताना थरथरते का?’ उस्तादांनी विचारलं.

‘नाही. उचलताना अगदी लोण्यासारखी.’

‘मग क्लच कशाला बदलला?’

डॉक्टर हसले. म्हणाले, ‘चाचा, आमच्याकडेही असे पेशंट येतात. दुखतं पोटात आणि चष्मा बदलून आलेले असतात.’

उस्तादांची रीत मी नंतर वहीत उतरवून घेतली. त्यात पहिला प्रश्न उचलण्याचा. गाडी जागेवरून निघताना थरथरते आणि पेडल पूर्ण सोडलं की शांत होते, पहिल्या आणि रिव्हर्स दोन्ही गिअरमध्ये, तर दोष क्लचच्या शेजारपाजारी आहे. पण म्हणून गिअरबॉक्स लगेच उतरवायचा नाही. आधी स्वस्त गोष्टी पाहायच्या. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती फाउंडेशनची रबरं फाटलीत का? हँडब्रेक ओढून, बॉनेट उघडून, एकाने पहिल्या आणि मग रिव्हर्स गिअरमध्ये क्लच जरासा धरायचा आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती उसळतं ते पाहायचं. गाडीच्या पुढे-मागे कोणी उभं राहायचं नाही. नंतर मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट. ते ढिले असले तर अ‍ॅक्सलच पिळवटतो आणि सगळा दोष बिचाऱ्या क्लचवर येतो. प्लगचा एखादा ठोका चुकत असेल, पॉइंट जळले असतील, तरी इंजिन अडखळतं आणि माणसाला क्लचची थरथर वाटते. हे सगळं ठीक निघालं तरच गिअरबॉक्स खाली घ्यायचा. आत पाहायचं ते तेल. इंजिनच्या मागच्या किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून गळलेलं तेल प्लेटवर आलं असेल तर सील न बदलता नवी प्लेट घालणं म्हणजे गळक्या छपराखाली नवा रंग देणं. फ्लायव्हीलवर डाग असतील तर ते लेथवर साफ करून घ्यायचं.

दुसरा प्रश्न वेगाचा. थरथर ठरावीक वेगालाच येते का? येत असेल तर तोच वेग तिसऱ्या गिअरमध्ये आणि मग चौथ्या गिअरमध्ये धरून पाहायचा. यातली युक्ती फार सुंदर आहे. रस्त्यावरचा वेग तोच ठेवला की प्रोपेलर शाफ्ट आणि चाकं तेवढीच फिरतात, पण तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन जास्त फिरतं. थरथर दोन्ही गिअरमध्ये त्याच वेगाला आली तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. गिअरबरोबर तिची जागा बदलली तर तो पुढे, इंजिनच्या बाजूला आहे. एकही बोल्ट न उघडता लांबलचक रांग अर्धी झाली.

तिसरी गोष्ट थरथरीची जात ओळखण्याची. या गाडीत चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे साधारण चार फेरे होतात. ताशी साठच्या वेगाला चाक सेकंदाला साधारण नऊ वेळा फिरतं आणि शाफ्ट अडतीसच्या आसपास. म्हणून चाकाचा दोष मोजता येईल असा धडधडतो आणि शाफ्टचा दोष भुंग्यासारखा गुणगुणतो. चौथी गोष्ट आवाजाची. पाय दाबताना आणि सोडताना खालून ‘टक्’ असा आवाज आला तर क्रॉस आधी हलवून पाहायचा आणि मग डिफरन्शियलकडे वळायचं.

डॉक्टरांची गाडी सपाट मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्यात आणि चौथ्यात चालवून पाहिली. दोन्ही वेळा साठलाच कापली, आणि गुणगुणत कापली. गाडी स्टँडवर घेतली. क्रॉस घट्ट, सेंटर बेअरिंग चांगलं. उस्तादांनी एका पोराला शाफ्टच्या टोकांवरचे काटे पाहायला सांगितले. पोरगं खालूनच ओरडलं, ‘एक आडवा हाय, एक तिरपा!’ क्लच बदलताना कोणीतरी शाफ्ट सोडवला होता, खूण न करता, आणि परत बसवताना खाचा चुकल्या होत्या. म्हणजे पहिल्या तक्रारीचं मूळ जे काय होतं ते असो, दुसरी तक्रार दुरुस्तीनेच जन्माला घातली होती. शाफ्ट काढून, काटे रेषेत आणून पुन्हा बसवला. नवा भाग एकही लागला नाही. कार्दानो आणि हुक ही नावं उस्तादांच्या कानावर कधी गेली नसतील, पण त्या सांध्याची खोड त्यांना पाठ होती. सोडवण्याआधी शाफ्टवर पांढऱ्या रंगाची रेघ मारायची, हा त्यांचा नियम मी पुढे प्रत्येक बॅचला पहिल्याच आठवड्यात शिकवला.

या विद्येची एक काळी बाजूही आहे. जुन्या क्लच प्लेटच्या आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. उष्णता सोसतं म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जगभर ते वापरलं गेलं. घाटात जळालेल्या प्लेटची पूड गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या कवचात साचून राहायची, आणि आमची पोरं ती हवेच्या पाइपने किंवा तोंडाने फुंकून उडवायची. अ‍ॅस्बेस्टॉसच्या सर्व जाती माणसाला कर्करोग करतात, असं जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सांगते. हा रोग वीस-तीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो, त्यामुळे खोकणाऱ्या म्हाताऱ्या मेकॅनिकच्या छातीशी त्या पुडीचं नातं कोणी जोडत नाही. आजही जुनी गाडी उघडताना ती पूड फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी, तोंडावर चांगला मास्क असावा आणि ते फडकं पुन्हा वापरू नये. तसंच नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली शिरू नये. थरथर शोधण्याच्या नादात माणूस गमावण्याइतकी कोणतीही गाडी मोलाची नाही.

मग काळ बदलला. १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचं इंजिन आडवं आणि ताकद पुढच्याच चाकांना. लांब प्रोपेलर शाफ्ट गेला, सेंटर बेअरिंग गेलं, क्रॉसच्या जागी दुसऱ्या जातीचा सांधा आला. त्याला हुकच्या सांध्याची खोड नाही. १९९६ मध्ये तर आपल्या नाशिकच्याच महिंद्रांच्या कारखान्यातून फोर्ड एस्कॉर्ट बाहेर पडू लागली, तीही पुढच्या चाकांवर ओढणारी. एकाच गावात एकीकडे शाफ्टवाल्या गाड्या तयार होत होत्या आणि दुसरीकडे शाफ्टची गरजच नसलेली गाडी. उस्तादांच्या यादीतली निम्मी कलमं एका पिढीत जुनी झाली. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस २०२३ च्या ऑक्टोबरअखेर उजाडला. जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा इगतपुरी आणि कसाऱ्याच्या डोंगराखालून जातो आहे. त्या बोगद्यातून येणाऱ्या नव्या ड्रायव्हरला हाफ क्लचवर गाडी पेलणं म्हणजे काय, हे कदाचित कधी कळणारही नाही. विजेच्या गाडीत तर क्लचच नाही.

यात रडण्यासारखं काही नाही. घाटातला त्रास कमी झाला हे चांगलंच झालं. पण एक हिशेब राहून जातो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार मूळ रूपात जपलेली पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता त्या वयाच्या पुढे गेल्या आहेत. म्हणजे गाडीला वारसा म्हणून कागद मिळतो. ती जिवंत ठेवणारं ज्ञान मात्र कोणत्याही कागदावर नाही. कंपनीची पुस्तकं इंग्रजीत होती, आणि त्यांतली सूचना बहुधा अशी की भाग तपासा, खराब असेल तर बदला. आधी काय विचारायचं, कोणता आवाज कोणत्या सांध्याचा, पैसा खर्च न करता रांग अर्धी कशी करायची, हे मराठी-हिंदीच्या मिश्र बोलीत, हाताला ग्रीस लागलेल्या माणसांनी एकमेकांना तोंडी सांगितलं. ती माणसं आता सत्तरीपुढे आहेत, आणि त्यांची मुलं वेगळ्या धंद्यात आहेत.

म्हणून ज्यांच्या दारात अजून एखादी फियाट, अँबॅसिडर किंवा जीप उभी आहे त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी ती थरथरली तर एक साधी वही घ्या. कधी थरथरली, कोणत्या गिअरात, किती वेगाला, पाय दाबताना की सोडताना, गाडी थंड होती की गरम, हे लिहून ठेवा आणि ती वही घेऊन जुन्या मेकॅनिककडे जा. तो जे विचारेल तेही लिहा, जे सांगेल तेही लिहा. तुमचे पैसे वाचतील हा पहिला फायदा. आणि अशा दहा-वीस वह्या नाशिकमध्ये जमल्या, तर आमच्या ट्रेडच्या पोरांना त्यांच्याच भाषेतलं, त्यांच्याच घाटातलं एक पुस्तक मिळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)